कळंबोलीहून आणलेले चार पॅड

आमच्या पिकअपचा ब्रेक गावाच्या वळणावर दाबला की त्याची किंकाळी मला ओट्यापाशी ऐकू यायची आणि मी चहाचं आधण ठेवायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, आले हे सगळ्या घराला त्यावरूनच कळायचं. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट त्या म्हणायच्या, "बरा हाय, हॉर्न वाजवायला नको." मला मात्र त्या किंकाळीची धास्ती वाटायची. मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि ब्रेक का ओरडतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तकातून ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती जरा जास्तच वाटते.

ही नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. नवरा मस्कतला नोकरीला होता. सुकापूरच्या अंगाला असलेल्या आमच्या घरात सासू, सासरे आणि मी, अशी तीनच माणसं. मी डोंबिवलीहून लग्न होऊन इथे आलेली. यांची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तेव्हा बाबांनी एक जुनी पिकअप घेतली. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्याचे ट्रक चालवले होते, त्यामुळे गाडी त्यांच्या हातात बैलासारखी शहाणी असायची. मंडपाचे बांबू, सिमेंटच्या गोणी, भाजी, लग्नाचं वऱ्हाड, जे मिळेल ते वाहायचं. मी गाडीत बसले की माझे पाय आपोआप ब्रेक दाबायचे. बाबा ते बघायचे.

माझा स्वभाव मुळातच असा. दूध उतू जायच्या आधी मीच उतू जाते. घरातली कुठलीही गोष्ट ‘चाललंय की’ म्हणून चालू राहिलेली मला सोसवत नाही, आणि त्या घरात तर निम्म्या गोष्टी तशाच चालल्या होत्या. गळका नळ दोरीने बांधलेला, रेडिओ थोबाडीत दिल्याशिवाय बोलत नसे. ब्रेकचंही तेच.

या पिकअपच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटा काढतात, एवढंच. म्हणजे दोन चाकांचे मिळून चार पॅड. ते झिजले की नवे टाकायचे. पण पनवेलची तऱ्हा वेगळी. एसटी स्टँडच्या मागे एक माणूस झिजलेल्या जुन्या पॅडवर नवा थर चिकटवून द्यायचा. ट्रकच्या ब्रेकला लोक वर्षानुवर्षं असंच करत आले होते, त्याला ‘लायनर मारून घेणं’ म्हणत. बाबांनी आमच्या पॅडना दोनदा लायनर मारून घेतलं होतं. तीच ती किंकाळी.

एरवी मी धुसफुसत राहिले असते. पण त्या वर्षी नणंदेला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली होती. बाळाला कार्ल्याच्या एकवीरा आईच्या पायावर घालायचं होतं. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी आपल्याच पिकअपने जायचं ठरलं. बाबा धरून अकरा माणसं, बाळ धरून बारा. जाताना खंडाळ्याचा घाट चढायचा आणि येताना उतरायचा, तोही जुन्या रस्त्याने, कारण तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. मला सहामाही परीक्षेच्या तोंडावर रजा मिळणार नव्हती. म्हणजे मी गाडीत नसणार, आणि नुसती घरी बसून कल्पना करत राहणार. ते मला जास्त भयंकर वाटलं.

"बाबा, नवे पॅड टाकल्याशिवाय गाडी घाटात न्यायची नाही," मी जेवताना सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "मयनाभर चालतील अजून. नायतर लायनर मारून घेतो."

"लायनर नाही. नवे. आणि मी येणार बरोबर."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ब्रेकचं सामान आणायला सून जाते, हे त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं. बाबा मात्र भात कालवता कालवता हसले. "चल की. मास्तरीन बोलते तर नवे घेऊ."

कळंबोलीला लोखंडाच्या बाजाराजवळ ट्रकच्या सुट्या भागांची दुकानं होती. तिथल्या एका अरुंद दुकानात आम्ही गेलो. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने तीन खोकी काउंटरवर मांडली. एक कडक मालाचं, एक नरम मालाचं, आणि एक असंच, ज्याच्यावर कुणाचं नावच नव्हतं.

"नरम लवकर धरतो, लवकर झिजतो," तो म्हणाला. "कडक टिकतो, पण तापल्याशिवाय नीट धरत नाही आणि आवाज करतो. बिननावाच्याची गॅरंटी मी घेत नाही, पण लोक नेतात."

मी वही काढली. खरंच काढली. आदल्या दिवशी वाचनालयात बसून मी मोटारींच्या एका पुस्तकातून टिपणं घेतली होती. तेवढ्यात बाबांनी कडक मालाचा एक पॅड उचलला. अंगठ्याच्या नखाने त्याची कड खरवडली, मग तो नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला. मला लाज वाटली. भाजीवाल्याकडे खरबूज हुंगावं तसं चाललेलं.

"याला कच्चा वास हाय," ते म्हणाले. "भट्टीतना नीट भाजला नाय."

"बाबा, वासावरून काय कळतं?"

"कलते थोडा."

दुकानदाराने त्यांच्याकडेच मान वळवली. "मग चाचा, कुठला देऊ?"

आणि मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. मला बघू द्या."

मी हे रागाने म्हणाले नव्हते. घाईत म्हणाले होते, आणि मला वाटतं ते जास्त वाईट. बाबांनी पॅड खोक्यात जसा होता तसा परत ठेवला, कडेला कड जुळवून. मग हात पँटला पुसला. दुकानदार उगाच मागच्या फळीवर काहीतरी शोधू लागला. मला त्या वेळी यातलं काहीच जाणवलं नाही. मी वहीत बघून, कडक पॅड जास्त टिकतात म्हणून कडक घेतले. परत येताना गाडीत मी बाबांना घर्षण म्हणजे काय, ते किती प्रकारचं असतं, हे सगळं समजावून सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होते.

घरी आल्यावर चैन पडेना. तापल्याशिवाय नीट धरत नाही, हे वाक्य डोक्यात बसलं. पहाटे गाडी गार असताना पहिलाच ब्रेक लागला नाही तर? बाळ आईच्या मांडीवरून घसरलं तर? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच बसने कळंबोलीला गेले आणि कडक परत करून नरम घेतले. दुकानदार म्हणाला, "बाई, नवरा पसंत करायला एवढे हेलपाटे घातले होते का?" मी म्हटलं, नवरा एकदाच बघितला होता, म्हणून तर इतक्या लांब मस्कतला गेला. तो हसला. मीही हसले. मला फार शहाणं वाटत होतं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की बदलून आणले. ते म्हणाले, "बरा केला."

पॅड लगेच बसवायचे नव्हते. सासूबाईंचं म्हणणं, नवं लोखंड आधी खंडेनवमीला देवीपुढे ठेवायचं आणि मग दसरा झाल्यावर वापरायचं. यावर मी वाद घातला नाही. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न होता.

खंडेनवमीला आमच्या घरात सगळी हत्यारं बाहेर निघायची. कोयता, विळा, पावडं, पहार, शेती गेली तरी जपून ठेवलेला नांगराचा फाळ, आणि आता त्यांच्या जोडीला जॅक, पाने, चाक खोलायची टॉमी. आधी ती धुवायची, पुसायची, मग त्यांना तेलाचा हात फिरवायचा आणि हळदकुंकू, झेंडू वाहायचे. देवीपुढे लोखंड कोरडं ठेवू नये असा सासूबाईंचा नेम. दरवर्षी त्या स्वतः करायच्या. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता म्हणून त्यांनी मला सांगितलं. लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि त्यांनी पूजेचं काम पहिल्यांदाच माझ्या हाती दिलं होतं.

मी ते अगदी मन लावून केलं. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत खंडेनवमीला पूजायला एक कात्री आणि एक पकड असायची. इथे ओटीवर पाटांच्या दोन रांगा लागल्या होत्या. सासूबाई खाटेवरून बघत होत्या आणि मी एकेक वस्तू घेऊन तिला वाटीतल्या गोड्या तेलाचा हात देत होते. कुठे कोरडं राहू नये म्हणून दोन्ही बाजूंनी, सढळ हाताने. शेवटी हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. सगळं आटोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "छान केलास गो." चार वर्षांतलं हे पहिलं ‘छान’. मी दिवसभर त्यावरच जगले.

सोमवारी संध्याकाळी बाबांनी अंगणात पुढची चाकं खोलून पॅड बसवले. मी आत प्रश्नपत्रिका काढत बसले होते. टॉमीचा आवाज ऐकू येत होता आणि मला बरं वाटत होतं. मंगळवारी पहाटे पाचला सगळे निघाले. मागे सतरंजी अंथरलेली, बायका देवीची गाणी म्हणत होत्या, टोपलीत कोंबडा. बाळ माझ्याकडे बघून हसलं. गाडी वळणावर गेली आणि पहिल्यांदाच किंकाळी आली नाही. माझे पॅड, मी मनात म्हटलं.

त्या दिवशी आठवीच्या वर्गावर तिसऱ्या तासाला घर्षणाची उजळणी होती. घर्षण कमी कसं करतात, मी विचारलं. "तेल, बाई, वंगण," सगळा वर्ग एका सुरात. शाबास, मी म्हटलं, आता तेल कुठे लावू नये ते सांगा. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सायकलच्या ब्रेकला, बाई. माझ्या भावाने चेनला तेल घातलं तेव्हा ते ब्रेकच्या रबराला पण लागलं. मग तो उतारावरून सरळ गटारात गेला."

वर्ग खो-खो हसला. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तेलाची वाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. कोयता, विळा, पावडं, पहार, फाळ, जॅक, पाने, टॉमी आणि शेवटी, खोक्यातून काढून पाटावर ओळीने मांडलेले चार पॅड. दोन्ही बाजूंनी. सढळ हाताने. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात. माझ्या बाबतीत पाषाण कोरडा तरी असता तर बरं झालं असतं.

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून गेले होते. एवढ्यात ते कार्ल्याला पोचलेही असतील, नसले तर... नाही, मी स्वतःला बजावलं, चढताना ब्रेकचं फारसं काम नसतं, गाडी आपोआप थांबायला बघते. काम उतरताना. उतरणार दुपारनंतर. देवदर्शन, नवस, कोंबडा, जेवण, तीन तरी वाजतील. पण बाबांना ऊन चढायच्या आत घाट सोडायची सवय होती. मग बारा? की अकरा? मुख्याध्यापकांना काय सांगितलं ते मला आज आठवत नाही. त्यांनी माझा चेहरा बघूनच जा म्हटलं असावं. फोन करावा तर कुणाला? कार्ल्याच्या पायथ्याशी कुणाकडे फोन असेल आणि तो कुणाला हाका मारील? मी तडक एसटी स्टँडवर गेले आणि लोणावळ्याला जाणाऱ्या पहिल्या गाडीत चढले.

ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरली. समोरून येणारी गाडी उजव्या हाताला दिसते. आमची पिकअप पांढरी. पांढऱ्या पिकअप त्या रस्त्यावर इतक्या असतात हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला मी अर्धी उठायचे, तो जवळ आला की दूधवाला नाहीतर फर्निचरवाला निघायचा आणि मी परत बसायचे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाई, तुमाला बरं नाय का? खिडकीतून ओकायचं असलं तर आधी सांगा, माझं लुगडं नवं हाय." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्या तरीही सरकून बसल्या.

पळस्पे गेलं, शेडुंग गेलं. एसटी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि कंडक्टर निवांत तिकिटं फाडत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. चौकला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी खाली उतरून त्याच्यापुढे उभी राहिले. तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "ताई, घाट पळून जात नाही." मी मनात म्हटलं, घाट नाही पळून जात, माणसं जातात.

मी देवीची फारशी भक्त नव्हते. पण खोपोली सोडल्यावर मी तिच्याशी भांडायला लागले. तुझ्यापुढे ठेवायचं म्हणून तर लावलं तेल. माझ्या अकलेचं दिवाळं निघालं होतं, तुला तरी कळायचं होतं. बाळ तुझ्याच पायावर घालायला आणलंय. मग वाटलं, देवीला कशाला मध्ये घ्या? पुस्तक तिने वाचलं होतं की मी?

घाटात अर्ध्या वाटेवर एसटी थांबली. पुढे वाहनांची रांग. कठड्यापाशी माणसं गोळा झाली होती आणि खाली दरीत बघत होती. मी दार ढकलून उतरले आणि धावत सुटले, चप्पल एका पायात राहिली की दोन्हींत, मला माहीत नाही. माणसांना बाजूला करून मी कठड्यावरून वाकले. खाली उतारावर कांदे पसरले होते. हजारो कांदे, झुडपांत, दगडांत, उन्हात लालबुंद. ट्रक कठड्याला टेकून कलंडला होता आणि त्याचा ड्रायव्हर बाजूला दगडावर बसून विडी ओढत होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी तिथेच रस्त्यावर बसले आणि रडले. एक माणूस म्हणाला, "ताई, कांदे तुमचे होते का?"

लोणावळ्याहून रिक्षा केली. कार्ल्याच्या पायथ्याला, पायऱ्यांच्या अलीकडे गाड्या उभ्या होत्या. त्यांत आमची पिकअप होती. एका चाकाला मोठा दगड लावलेला, आणि गाडीच्या सावलीत गोणपाटावर बाबा एकटेच नारळ सोलत बसले होते. बाकीचे वर देवळात. त्यांनी मान वर करून बघितलं. मला तिथे बघून त्यांना जेवढं आश्चर्य वाटायला हवं होतं तेवढं वाटलेलं दिसलं नाही.

"बाबा, गाडी खाली न्यायची नाही," मी धापा टाकत म्हणाले. "त्या पॅडना मी तेल लावलं होतं. नवमीला. माझ्या हाताने."

"हां," ते म्हणाले. "बस. पानी पी आधी."

ते उठले, सीटखाली हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. कागद तेलाने पारदर्शक झाला होता. आत माझे चार पॅड होते. हळदीचे डाग काळे पडले होते आणि जळक्या तेलाचा उग्र वास येत होता.

"पलस्प्यालाच समजला," बाबा सांगू लागले. "ब्रेक मारला तं गाडी एका अंगाला वढली. चौकच्या आदी बाजूला घेतली, चाका खोलली, जुने टाकले. जुने सीटखाली व्हते."

"मग मागे का नाही फिरलात?"

"देवीच्या वाटंवरना गाडी मागं फिरवायची नाय. जुन्यांवर हलू जाते की." मग म्हणाले, "बायांना सांगितला, पंक्चर झाला. तू बी तसाच सांग."

म्हणजे त्यांनी माझं नाव घेतलंच नव्हतं. सासूबाईंचं ‘छान केलास’ होतं तसं शाबूत होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि क्षणभर वाटलंही. पण एक गोष्ट मनात टोचायला लागली. काल संध्याकाळी उजेड होता. पॅड यांनी स्वतःच्या हाताने बसवले होते.

"बाबा, बसवताना तुम्हाला तेल दिसलं नाही?"

"दिसला."

"मग?"

"हाताला लागला. वास बी आला, गोड्या तेलाचा." ते पुन्हा नारळाकडे वळले, शेंडी ओढून काढू लागले.

"मग पुसलं का नाही? तीस वर्षं गाडी चालवताय तुम्ही. ब्रेकला तेल लावत नाहीत हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाव हाय. पन मना वाटला, ह्यो नवीन जातीचा माल हाय. तू बुकात वाचून आनलायस. दोन येला जाऊन बदलून आनलायस." त्यांनी माझ्याकडे न बघता नारळ दगडावर आपटला. "तू लावला म्हंजे लावायचा असल."

वरून वाजंत्रीचा आवाज येत होता. मी ते पुडकं मांडीवर घेऊन बसले आणि तेल माझ्या साडीला लागत राहिलं. बारा जीव त्या घाटाच्या तोंडाशी नेऊन ठेवले होते ते तेलाने नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. एरवी तेल दिसताच त्यांनी ते पॅड बाजूला ठेवले असते.

तासाभराने सगळे खाली आले. बाळाच्या कपाळभर कुंकू. नणंदेने विचारलं, वहिनी तू कशी? बाबा म्हणाले, "तिची शाला लवकर सुटली. एकटी घरी काय करल?" सासूबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी मला जवळ बसवून प्रसादाचा नारळ दिला. उतरताना मी पुढे, बाबांशेजारी. त्यांनी सगळा घाट दुसऱ्या गिअरवर उतरवला, ब्रेकला पाय लावला असेल पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी जुने पॅड जीव खाऊन ओरडले. मागे बायका गात होत्या. माझे पाय त्या दिवशी एकदाही हलले नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा कळंबोलीला गेलो. तेल मुरलेले पॅड पेट्रोलने धुऊनही वाया गेले होते आणि जुने आता खरंच संपत आले होते. तोच दुकानदार, तोच चष्मा. त्याने न विचारताच तिन्ही खोकी माझ्यापुढे मांडली आणि माझ्या वहीची वाट बघू लागला. मी वही आणलीच नव्हती.

"यांना विचारा," मी म्हणाले. "बाबा, तुम्ही निवडा."

दुकानदार बाबांकडे वळला. बाबा जरा मागे सरकले.

"नको, शेट," ते म्हणाले. "मना त्यातला काय कलत नाय. हिलाच दाखवा."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं, माफी मागता आली असती. तो नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले आणि फडक्याने काच पुसू लागले.

मी एक पॅड उचलला. अंगठ्याच्या नखाने त्याची कड खरवडली, तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मला कसलाच वास आला नाही.